टीव्हीपुढे बसून फोन चाळण्याची सवय देशागणिक वेगळी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे कळेल. प्रबंधासाठी वाचताना तुम्हाला एका आंतरराष्ट्रीय पाहणीचा तक्ता मिळाला. टीव्ही चालू असताना फोन वापरणाऱ्यांचं प्रमाण त्यात भारतात भरपूर, जर्मनी आणि जपानमध्ये बरंच कमी. तुम्ही विचारताय की आपण भारतीय पहिल्यापासूनच अष्टावधानी आणि ती माणसं हातातलं एक संपवून मगच दुसरं घेणारी, असा सांस्कृतिक निष्कर्ष काढला तर टिकेल का?

परीक्षकांपुढे बहुधा टिकेल. माझ्यापुढे टिकणार नाही. मी जाहिरात एजन्सीत मीडिया प्लॅनिंगपासून सुरुवात केली आणि पुढची सगळी वर्षं प्रेक्षक-संशोधनात काढली. लोकांच्या घरी जाऊन ते टीव्ही कसा बघतात हे बघत बसणं, हेच काम. संस्कृती हे कारण मी सगळ्यात शेवटी हाताशी धरतो. आधी प्रश्न कसा विचारला ते बघतो, मग घर, मग डेटाचा दर, मग कार्यक्रम. एवढं करून जो फरक उरेल तो खुशाल संस्कृतीच्या खात्यावर टाका. उरतो थोडाच.

तेव्हा पहिल्यांदा तक्ताच तपासू. अशा बहुतेक आंतरराष्ट्रीय पाहण्या ऑनलाइन पॅनेलवर होतात. म्हणजे थोड्याफार मोबदल्यासाठी इंटरनेटवर प्रश्नावल्या भरणारी माणसं. जर्मनीत जवळपास सगळेच ऑनलाइन असल्यामुळे तिथलं पॅनेल साधारण जर्मनीसारखं दिसतं. भारतातलं पॅनेल भारतासारखं दिसत नाही. त्यात शहरातली, इंग्रजी किंवा हिंदी सहज वाचणारी, स्वतःचा स्मार्टफोन असलेली, तरुण मंडळी जास्त. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनाच फोनवरून विचारलं की ‘फोन वापरता का?’, तर उत्तर काय येणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी साधारण 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरतात असा मोबाइल होता. उरलेल्या बायका तुमच्या तक्त्यात आल्याच नाहीत. टीव्हीसमोर मात्र त्या होत्या.

दुसरी गोष्ट उत्तर देण्याच्या पद्धतीची. काही समाजांत होकार देणं सोपं वाटतं, काहींत माणूस मधला पर्याय धरून बसतो. जपानी उत्तरदाते टोकाचा पर्याय टाळतात, हे आमच्या क्षेत्रात जुनंच निरीक्षण आहे. आपल्याकडे घरी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, आणि प्रश्नावली घेऊन आलेला पोरगाही पाहुणाच. ‘नेहमी, कधी कधी, क्वचित’ असे पर्याय दिले की ही वळणं थेट टक्केवारीत उतरतात.

तिसरी गोष्ट ‘टीव्ही पाहताना’ या शब्दांची. त्यांचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो. टीव्ही चालू आहे म्हणजे बघतोय, की त्याच्यासमोर बसलोय म्हणजे बघतोय? मी मुलाखतींत हा प्रश्न उलटून विचारून पाहिला आहे: ‘फोनवर असताना टीव्ही चालू असतो का?’ तीच माणसं, तीच संध्याकाळ, पण चित्र बदलतं. पहिल्या प्रश्नात फोन हा व्यत्यय असतो, दुसऱ्यात टीव्ही हा मागचा आवाज.

सरकारी पाहण्या तरी सारख्या असतील असं वाटेल. त्याही नाहीत. अमेरिकेची वेळ-वापर पाहणी 2003 पासून चालू आहे. फोनवरून मुलाखत घेऊन काल दिवसभर काय केलं ते विचारतात आणि एका वेळचं एकच मुख्य काम नोंदवतात. मुलं सांभाळणं वगळता बरोबरीनं चाललेल्या दुसऱ्या कामाला सहसा जागाच नाही. युरोपातल्या पद्धतीत माणूस स्वतः डायरी भरतो. दहा-दहा मिनिटांच्या ओळी, आणि ‘शिवाय आणखी काय करत होता?’ यासाठी वेगळा रकाना. आपली राष्ट्रीय वेळ-वापर पाहणी 2019 मध्ये झाली आणि पुन्हा 2024 मध्ये. तिच्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे असतात. एका कप्प्यात जास्तीत जास्त तीन कामं लिहिता येतात आणि तीही किमान दहा मिनिटं चाललेली. आता मालिका बघता बघता कुणी चार वेळा, दर वेळी दीड मिनिट, व्हॉट्सॲप उघडलं तर ते कोणत्या देशात मोजलं जाईल? युरोपात कदाचित. भारतात नाही, अमेरिकेत तर नाहीच. जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके 1960 पासून दर पाच वर्षांनी अशी पाहणी करते. तिथे नुसता टीव्ही बघणं आणि काहीतरी करता करता बघणं ही दोन वेगळी खाती आहेत. ज्या देशात एका वेळी एकच काम करतात असं तुम्ही म्हणताय, त्या देशाला या दुसऱ्या खात्याची गरज पडावी, हे जरा लक्षात घ्या.

आणि ब्रिटन-अमेरिकेतली माणसं एका वेळी एकच काम करतात, हा समजही सोडून द्या. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेनं 2014 मध्ये मांडलं, की तिथला प्रौढ माणूस माध्यमं आणि संपर्काची साधनं दिवसाला सरासरी 8 तास 41 मिनिटं वापरतो, पण एकावर एक रचल्यामुळे त्यात 11 तासांहून जास्त वापर बसवतो. अमेरिकेत कैसर फॅमिली फाउंडेशनच्या 2010 च्या अहवालात 8 ते 18 वयाची मुलं दिवसाच्या 7 तास 38 मिनिटांत 10 तास 45 मिनिटांचा ऐवज कोंबत होती. आपल्याकडे त्या वेळी टीव्हीपुढे हातात असायचा तो बहुतेक साधा बटणांचा फोन.

समजा मोजणीचा गोंधळ निस्तरला. तरी फरक उरतो, आणि तो खरा आहे. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं कारण आहे घर.

2011 च्या जनगणनेत भारतातली साधारण 37 टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. टीव्ही होता 47 टक्के कुटुंबांकडे, आणि असला तर बहुतेक घरांत एकच. एक खोली, एक टीव्ही, चार-पाच माणसं. रिमोट कुणाकडे हा आपल्या संध्याकाळचा खरा प्रश्न असायचा. साडेसातला आईची मालिका, आठला वडिलांच्या बातम्या, आणि मुलांनी गप बसायचं. अशा घरात फोन आला तेव्हा मुलगा उठून गेला नाही, जायला खोलीच नव्हती. तो तिथेच बसून फोनमध्ये गेला. पाहणीत याची नोंद ‘टीव्ही पाहताना फोन वापरतो’ अशी होते. प्रत्यक्षात तो टीव्ही बघत नसतो, आईच्या शेजारी बसलेला असतो.

याच्या उलट जर्मनीत दहातली साधारण चार घरं एकट्या माणसाची आहेत. जपानच्या 2020 च्या जनगणनेत हे प्रमाण 38 टक्के आहे. एकट्याच्या घरात रिमोटचं भांडण नसतं. कंटाळा आला तर तो चॅनेल बदलतो, टीव्ही बंद करतो किंवा फोन घेतो. त्याला तिन्ही पर्याय खुले असतात, आपल्या मुलाला एकच. आता हा फरक स्वभावाचा म्हणायचा की भिंतींचा, ते तुम्ही ठरवा. मी सांगलीपासून नागपूरपर्यंत जी घरं पाहिली, त्यात वेगळी खोली आणि वेगळा टीव्ही मिळालेली मुलं इतर मुलांसारखी वागत नव्हती. तीही दोन पडदे वापरायची, पण दुसऱ्या पडद्यावर बहुतेक वेळा त्याच सामन्याचं किंवा त्याच कार्यक्रमाचं काही ना काही असायचं.

इथे एक भेद सांगून ठेवतो, प्रबंधात उपयोगी पडेल. दुसरं काम पहिल्याशी जोडलेलं असणं, म्हणजे सामना बघत त्यावरच गटात बोलणं, ही एक गोष्ट. दुसरं काम पूर्ण वेगळं असणं, म्हणजे मालिका चालू आणि हातात साड्यांचे फोटो, ही दुसरी. ऑफकॉमनं 2013 मध्ये हे दोन प्रकार वेगळे मोजले तेव्हा ब्रिटनमध्ये आठवड्यातून एकदा तरी वेगळं काम करणारे साधारण निम्मे होते आणि जोडलेलं करणारे पाव. एकाच आकड्यात दोन्ही कोंबले की देशांची तुलना निरर्थक होते. तुमच्या तक्त्यात दोन्ही एकत्रच आहेत.

दराबद्दल थोडक्यात. 2016 च्या आधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये पडत आणि तो महिनाभर पुरवायचा. त्या काळात संध्याकाळी टीव्हीपुढे फोनवर व्हिडिओ बघणं ही चैन होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि वर्ष-दीड वर्षात गणित उलटलं. महिन्याचा नव्हे, रोजचा कोटा मिळू लागला, रात्री बारानंतर नव्यानं सुरू होणारा. आज वापरला नाही तर गेला. रात्री जेवणानंतर ‘दीड जीबी संपवायचाय’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तीच टीव्हीची मुख्य वेळ. म्हणजे देशाची सवय दोन वर्षांत बदलली. संस्कृती दोन वर्षांत बदलत नाही.

आता कार्यक्रम. याकडे अभ्यासक कमी बघतात आणि आम्ही धंद्यातले जास्त.

मराठी दैनंदिन मालिका कानासाठी लिहिलेली असते. पात्र आत येताना मोठ्यानं सांगतं की कोण आलंय आणि का आलंय. धक्का बसला की तीन बाजूंनी तीन झूम आणि तिन्हींना धाडकन वाद्यं. कालचं आज पुन्हा सांगतात, आणि आजचा भाग उद्या दुपारी पुन्हा लागतो. हे लेखकांना चांगलं लिहिता येत नाही म्हणून होत नाही. बघणारीचे हात कणकेत आहेत, ती ओट्याशी उभी आहे, टीव्ही पलीकडच्या खोलीत आहे, हे वाहिनीला पक्कं ठाऊक असतं. ऐकून कळेल अशी मालिका असली की डोळे मोकळे राहतात, आणि मोकळ्या डोळ्यांना फोन मिळाला की ते तिकडे जातात. तेव्हा आपण अष्टावधानी आहोत की आपल्या मालिकेला एकच अवधान पुरतं, हा प्रश्न तुमच्या मार्गदर्शकांना जरूर विचारा.

गंमत म्हणजे हेच जपानमध्ये आहे. एनएचकेची सकाळची मालिका 1961 पासून चालू आहे, पंधरा मिनिटांचा भाग. तिच्यात निवेदन भरपूर असतं, कारण सकाळची आवराआवर करता करता ती नुसती ऐकून कळावी अशी अपेक्षा असते. कित्येक घरांत ती संपली की निघायची वेळ झाली असं समजतात. हे वर्णन लातूरच्या घरालाही लागू पडेल, फक्त वेळ संध्याकाळची.

डोळे मोकळे राहतात की नाही हे भाषेवरूनही ठरतं. नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियात परदेशी मालिका मूळ भाषेत, खाली उपशीर्षकं देऊन दाखवतात. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटलीत डबिंग करतात. उपशीर्षकं वाचायची तर मान खाली घालता येत नाही. आपल्याकडचा ताजा दाखला कोरियन मालिकांचा. कोरियन संवाद आणि इंग्रजी उपशीर्षकं घेऊन बघणारी पुण्यातली मुलगी फोन उलटा ठेवते. तीच मालिका हिंदीत डब झालेली लावली की फोन पुन्हा हातात. मुलगी एकच, देश एकच.

जाहिरातींच्या ब्रेकबद्दल मात्र मी सावध आहे. अमेरिकन व्यावसायिक वाहिन्यांवर तासाला पाव तासाच्या आसपास जाहिराती, आपल्याकडे नियम बारा मिनिटांचा, बीबीसीच्या ब्रिटनमधल्या वाहिन्यांवर शून्य, जर्मनीत एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्यांवर रात्री आठनंतर शून्य. मग जर्मन माणूस ब्रेकच नाही म्हणून फोन घेत नाही, असं म्हणावंसं वाटतं. पण एआरडीवर रविवारी रात्री सव्वाआठला लागणारी, 1970 पासून चालत आलेली ‘टाटॉर्ट’ ही गुन्हेगारी मालिका बघा. दीड तास, एकही ब्रेक नाही, आणि तिच्यावर ट्विटरवर चालू प्रक्षेपणातच जोरात टीकाटिप्पणी चालायची. ब्रेकमुळे मदत होते, पण ते कारण एकट्यानं पुरत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणी तुम्हाला दुसरा पडदा उचलायला सांगतंय का. 2015 च्या वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या कार्यक्रमात चीनच्या सरकारी वाहिनीनं वीचॅट या तिथल्या मेसेजिंग ॲपबरोबर करार केला. टीव्हीवर सांगतील तेव्हा फोन हलवा आणि पैशाची लाल पाकिटं जिंका. रात्रभरात फोन 1,100 कोटी वेळा हलवले गेले. जपानमध्ये ऑगस्ट 2013 मध्ये ‘कॅसल इन द स्काय’ हा जुना ॲनिमेशनपट टीव्हीवर लागला, आणि त्यातला मंत्र उच्चारला जातो त्या क्षणी सगळ्यांनी मिळून तो ट्विट केला. एका सेकंदात 1,43,199 ट्विट, जेव्हा ट्विटरची जागतिक सरासरी सेकंदाला 5,700 च्या आसपास होती. हे जपानी लोक, ज्यांना तुमच्या तक्त्यानं शेवटच्या रांगेत बसवलंय.

आपल्याकडे ही ओढ एसएमएसपासूनची. 2005 मध्ये अभिजीत सावंत पहिला इंडियन आयडॉल झाला तेव्हा घराघरांतून एसएमएस गेले. 2017 मध्ये कौन बनेगा करोडपतीनं घरबसल्या फोनवर बरोबरीनं खेळायची सोय दिली. मग आयपीएल आणि फँटसी संघ. टीव्हीवर सामना, फोनवर आपला संघ, आणि दर चेंडूला गुण. ही सवय किती ‘भारतीय’ होती ते 2025 च्या ऑगस्टमध्ये कळलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली आणि मोठ्या ॲपनी पैशाच्या स्पर्धा थांबवल्या. पैसे लावूनच खेळणाऱ्यांपुरतं त्या दुसऱ्या पडद्यावर बघण्यासारखं काही राहिलंच नाही.

मग संस्कृती कुठे? एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं समाजांची विभागणी केली: एका वेळी एकच काम करणारे आणि एका वेळी अनेक. तुमचा निष्कर्ष त्याच्याच वळणाचा आहे. हॉल बोलत होता माणसांच्या भेटीगाठी, वेळा आणि कामकाजाबद्दल. त्याची विभागणी दिवाणखान्यातल्या पडद्यांवर जशीच्या तशी बसवायची तर मधले दुवे दाखवावे लागतील. तसे ते फारसे कुणी दाखवत नाही.

मला संस्कृती दिसते ती शिष्टाचारात. जपानी लोकलमध्ये फोनवर मोठ्यानं बोलणं असभ्य मानतात, म्हणून 1999 मध्ये आय-मोड ही मोबाइल इंटरनेट सेवा आल्यावर फोनवरचं वाचणं आणि मेल लिहिणं तिथे लवकर रुजलं. मुंबई लोकलमध्ये तसा संकोच नाही, पण एक हात कडीला असतो. वडीलधाऱ्यांसमोर फोन खाली ठेवायचा की नाही, जेवताना टीव्ही चालतो का, पाहुणे आले की आवाज कमी करतात की टीव्ही बंदच करतात: हे प्रत्येक समाजात वेगळं असतं आणि त्याचा परिणामही होतो. पण यातलं काहीही ‘अष्टावधानी’पणाशी संबंधित नाही.

उलटा पुरावा हवा असेल तर परदेशी गेलेली मराठी माणसं बघा. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेला आयटीवाला भारतातला संध्याकाळचा सामना तिथे सकाळी, ऑफिसात, दुसऱ्या मॉनिटरवर आवाज बंद करून बघतो. त्याची आई इथे रोज बघते ती मालिका त्याची बायको तिथे शनिवारी सलग बघते, ॲपवर, थांबवून थांबवून. थांबवता येत असेल तर दोन गोष्टी एकदम करायची गरज कमी होते. त्याचे संस्कार विमानात राहिले नाहीत. वेळापत्रक आणि घर बदललं.

एक तांत्रिक अडचणही मनात ठेवा. आपली टीव्ही मोजणी बार्ककडे, म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिलकडे आहे, 2015 पासून. नमुना घरात मीटर असतं आणि टीव्हीसमोर बसलेल्यानं रिमोटवरचं आपलं बटण दाबायचं असतं. खोलीत कोण आहे ते त्यातून कळतं, डोळे कुठे आहेत ते नाही. फोनच्या बाजूनेही तसंच. यूट्यूब पडदा बंद करून ऐकायचं तर पैसे भरावे लागतात, म्हणून कित्येक आजी कीर्तन लावून, पडदा चालू ठेवून, फोन ओट्यावर उभा करून ठेवतात. नोंदीत ते व्हिडिओ बघणं ठरतं. आजी वाटाणे सोलत असतात.

तुमच्या प्रबंधासाठी माझा सल्ला असा. देशांची तुलना परिशिष्टात टाका आणि पुण्यातच दोन प्रकारची घरं घ्या: एका खोलीची, एका टीव्हीची, आणि जिथे माणशी खोली आणि निदान दोन टीव्ही आहेत अशी. मालिका दोन्हीकडे एकच धरा. ‘सहसा काय करता’ हे विचारू नका, काल रात्री आठ ते साडेआठ काय चाललं होतं ते विचारा. रिमोट कुणाकडे होता, फोन कुणाच्या मालकीचा, फोनवर नेमकं काय उघडलं होतं आणि ते मालिकेशी जोडलेलं होतं का, हे चार रकाने पुरेत. माझा अंदाज, या दोन घरांमधला फरक तुमच्या तक्त्यातल्या भारत-जर्मनी फरकाहून मोठा निघेल. तसा निघाला नाही तर संस्कृतीचं प्रकरण लिहायला घ्या. आणि मुलाखती मंगळवार ते शुक्रवार घ्या, म्हणजे ‘काल रात्र’ कामाच्या दिवसाची येईल. क्रिकेटचा सामना असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका.